पिवळ्या बसमधील सहा माणसे

एका अमेरिकन विनोदी बोलपटावर या स्तंभात आम्ही लेखणी चालवावी, हे पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडेल. करमणुकीला आमचा विरोध नाही. परंतु करमणुकीस अन्यत्र पुष्कळ जागा आहे, आणि हा विषय येथे आणावयाचा तर त्याला तसेच कारण असले पाहिजे. कारण आहे. २००६ साली प्रदर्शित झालेल्या 'लिटल मिस सनशाइन' या बोलपटात एका घरातील सहा माणसे जुन्या पिवळ्या बसमधून सुमारे ८०० मैलांचा प्रवास करतात, आणि त्या प्रवासात बापाने मुलांच्या मानेवर ठेवलेले एक जोखड गळून पडते. ते जोखड आज आपल्याही पुष्कळ घरांत आहे. फरक इतकाच की ते आपण मोठ्या हौसेने घरात आणले आहे आणि त्यास प्रगती असे नाव दिले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कथा सांगितली पाहिजे, कारण अनेकांनी हा बोलपट पाहिला नसेल.

न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात हूवर नावाचे कुटुंब राहते. कुटुंबप्रमुख रिचर्ड हा यशस्वी कसे व्हावे यावर व्याख्याने देतो. त्याने यशाच्या नऊ पायऱ्या शोधून काढल्या आहेत. त्याच्या शास्त्राप्रमाणे जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, जिंकणारे आणि हरणारे. हे शास्त्र तो ज्या खोलीत सांगतो तेथे श्रोते मूठभर, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर उत्साह नाही. त्याचे पुस्तक निघावयाचे आहे, ते निघत नाही. घरात पैशाची ओढ आहे. यशाचा हा उपदेशक स्वतः हरत चालला आहे, ही गोष्ट घरातील सर्वांना दिसते, त्याला मात्र दिसत नाही. त्याची पत्नी शेरिल नोकरी करते, रात्री बाहेरून आणलेली तळलेली कोंबडी कागदी ताटल्यांत वाढते आणि सर्वांना कसेबसे एका टेबलाशी बसविते. तिचा पहिल्या विवाहाचा मुलगा ड्वेन याने वैमानिक होण्याची प्रतिज्ञा केली आहे आणि ती सिद्धीस जाईपर्यंत मौन धरले आहे. नऊ महिने झाले, तो कागदावर लिहूनच बोलतो. शेरिलचा भाऊ फ्रँक हा फ्रेंच साहित्यिक मार्सेल प्रूस्त याचा गाढा अभ्यासक. त्याचे आपल्या एका विद्यार्थ्यावर प्रेम होते. त्या तरुणाने त्याच्या प्रतिस्पर्धी विद्वानास जवळ केले, नोकरीही गेली, आणि फ्रँकने आत्महत्येचा प्रयत्न केला. मनगटांवर पट्ट्या बांधलेला हा मामा बहिणीच्या घरी येतो तेथून कथा सुरू होते. आजोबांना तर वृद्धनिवासातून घालवून दिलेले आहे. ते या वयात हेरॉईन ओढतात आणि तोंडाने अर्वाच्य बोलतात. या सर्वांच्या मध्ये सात वर्षांची ऑलिव्ह. डोळ्यांवर मोठा चष्मा, पोट थोडे सुटलेले. सौंदर्यस्पर्धा जिंकणाऱ्या युवतीचा आनंदाश्रूंचा क्षण ती दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा पाहते आणि तसेच हात तोंडावर नेण्याचा सराव करते.

प्रादेशिक स्पर्धेत ऑलिव्ह दुसरी आलेली असते. पहिलीला अपात्र ठरविल्याने कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच येथे होणाऱ्या 'लिटल मिस सनशाइन' स्पर्धेस जाण्याचा मान तिला मिळतो. विमानाला पैसे नाहीत. बस आहे, पण ती शेरिलला चालविता येत नाही, म्हणून रिचर्ड हवा. फ्रँकला एकटे सोडता येत नाही. ऑलिव्हचे नृत्य आजोबांनी बसविले, म्हणून तेही हवेत. ड्वेनला घरी कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे? अशा रीतीने एकमेकांचे तोंड पाहू न इच्छिणारी सहा माणसे एका बसमध्ये कोंबली जातात. ज्यांनी लग्नाला किंवा मयताला सारे घर घेऊन प्रवास केला आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

हा बोलपट लिहिणारे मायकेल आर्न्ट यांची पडद्यावर आलेली ही पहिलीच पटकथा. जोनाथन डेटन आणि व्हॅलेरी फॅरिस या पतिपत्नींनी तो दिग्दर्शित केला. त्यांचाही हा पहिलाच मोठा बोलपट. सुमारे ८० लाख डॉलरमध्ये, तीस दिवसांत तो चित्रित झाला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम फारच लहान. जानेवारी २००६ मध्ये सनडान्स महोत्सवात तो दाखविला गेला आणि पुढे जगभर त्याने सुमारे १० कोटी डॉलर मिळविले. फेब्रुवारी २००७ मध्ये पटकथेसाठी आर्न्ट यांना आणि आजोबांच्या भूमिकेसाठी, २०२३ साली दिवंगत झालेले अभिनेते ॲलन आर्किन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हरणाऱ्यांची बाजू घेणाऱ्या कृतीने पारितोषिके जिंकावीत यात गंमत आहे, पण तो दोष कृतीचा नव्हे.

या लेखकाला विषय कोठून सुचला, हे त्यांनीच सांगितले आहे. अर्नोल्ड श्वार्झनेगर या नटाने (हेच पुढे २००३ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले) शाळकरी मुलांपुढे बोलताना आपल्याला हरणाऱ्यांचा तिटकारा आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते वाचून आर्न्ट अस्वस्थ झाले. आपणही अस्वस्थ व्हावे असेच हे उद्गार आहेत. वर्गात चाळीस मुले असतील तर पहिला येणार एक. मग उरलेल्या एकोणचाळीस मुलांचा तिटकारा करावयाचा काय? आणि असा तिटकारा शिकविणाऱ्यास आपण शिक्षक म्हणावे काय?

आता एक प्रसंग सांगतो. सर्व प्रसंगांत हा आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात ना अश्रू आहेत ना आरडाओरड.

प्रवासात सकाळी हे कुटुंब एका खाणावळीत न्याहरीस बसते. ऑलिव्ह वॉफल मागविते आणि त्याबरोबर आइस्क्रीम मागते. रिचर्ड गोड आवाजात तिला समजावू लागतो. आइस्क्रीम दुधासायीचे असते, त्यात चरबी असते, ती खाल्ली की आपल्या अंगात चरबी होते. सौंदर्यस्पर्धा जिंकणाऱ्या मुली अंगाने सडपातळ असतात. तो रागावत नाही. मारणे तर दूरच, आवाजही चढवीत नाही. आपण मुलीच्या हिताचेच सांगत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. आइस्क्रीम येते, आणि ती चिमुरडी ते बाजूला सारते. मग आजोबा, मामा, आई, मुका भाऊ, सारेजण मुद्दाम तिच्या वाडग्यात चमचे घालून मिटक्या मारीत खाऊ लागतात, आणि शेवटी तिला राहवत नाही.

वाचकहो, मुलाला हिणविण्यासाठी शिवी द्यावी लागत नाही. त्याच्या ताटातील घासावर नजर ठेवली तरी ते होते. त्याच रात्री ऑलिव्ह आजोबांना विचारते, मी दिसावयास बरी आहे का? आणि मग रडत सांगते की आपल्याला हरणारी व्हावयाचे नाही, कारण बाबांना हरणारी माणसे आवडत नाहीत. सात वर्षांच्या मुलीने बापाच्या नऊ पायऱ्यांचे सार काढले ते इतके: मी हरले तर माझ्यावर प्रेम राहणार नाही. बापाने हे शब्द कधी उच्चारले नव्हते. त्याला तसे म्हणावयाचेही नव्हते. पण मूल शब्द ऐकत नाही, माप ऐकते.

यावर आजोबा जे सांगतात तो या बोलपटाचा कणा होय. हरण्याच्या भीतीने जो प्रयत्नच करीत नाही तो खरा हरणारा. आणि तू तर प्रयत्न करीत आहेस, मग तू हरणारी कशी? हा विचार एखाद्या साधुपुरुषाच्या तोंडी न घालता घरातील सर्वांत बदनाम माणसाच्या तोंडी घातला, यात लेखकाचे शहाणपण आहे. उपदेशकाच्या तोंडी तो घातला असता तर ती दहावी पायरी झाली असती.

बसचे तर वेगळेच प्रकरण आहे. ती फोक्सवॅगन कंपनीची जुनी गाडी. वाटेत तिचा क्लच निकामी होतो. दुरुस्तीला लागणारा भाग मिळावयास वेळ लागणार. गॅरेजवाला उपाय सांगतो की गाडी ढकलून वेग आणा आणि एकदम वरचा गिअर टाका. थांबला नाहीत तोवर चालेल. तेव्हापासून प्रत्येक वेळी साऱ्यांनी उतरून धक्का द्यावयाचा, गाडी पळू लागली की एकेकाने धावत जाऊन दारातून आत उडी घ्यावयाची, आणि आत असलेल्याने बाहेरच्याला हात देऊन ओढावयाचे. पुढे हॉर्नही बिघडतो आणि रस्ताभर आपोआप कण्हत राहतो. एस.टी.ला धक्का मारलेल्या आपल्या वाचकांना या यंत्रविद्येचे स्पष्टीकरण नको. लक्षात घेण्याजोगे हे की, जिंकणारे पुढे जातात आणि हरणारे मागे राहतात असे शिकविणाऱ्या माणसाची गाडी, मागच्यांनी ढकलल्यावाचून आणि मागे राहिलेल्यास आत ओढल्यावाचून, पुढे सरकतच नाही. दिग्दर्शकांनी यावर एक शब्दही कोणाच्या तोंडी घातलेला नाही. प्रेक्षक पोट धरून हसतात तेवढेच.

एकदा तर पेट्रोल पंपावर ऑलिव्हच मागे राहते. ज्या मुलीसाठी हा सारा खटाटोप, ती गाडीत नाही, हे मोठ्यांच्या ध्यानी येत नाही. कारण प्रत्येकजण आपापल्या पराभवाशी बोलण्यात गुंतलेला. गाडी वळवून आणतात, पण थांबविता येत नाही. धावत्या गाडीतूनच तिला उचलून घ्यावे लागते. हा प्रसंग पाहताना आम्ही हसलो खरे, पण ज्या घरांत मुलांच्या भवितव्याची चर्चा रात्री बारापर्यंत चालते आणि मूल शेजारच्या खोलीत न जेवता झोपी जाते, त्या घरांची आठवण झाली.

ड्वेनच्या खोलीत जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शे याचे मोठे चित्र आहे. सामान्य जनांना तुच्छ लेखून स्वतःच्या इच्छाशक्तीने वर उठणारा पुरुष हा त्याचा आदर्श. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. नीत्शेने मनूच्या स्मृतीची स्तुती केली होती, आणि नीत्शेचा महापुरुष व मनूचा ब्राह्मण यांची तुलना बाबासाहेबांनी आपल्या 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' या लेखनात केली आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली काढलेल्या त्यांच्या वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात ते वाचावयास मिळते. बोलपटाच्या कर्त्यांना याची कल्पना असेल असे आम्ही म्हणत नाही. पण भिंतीवर कोणाचे चित्र लावावे याला अर्थ असतो एवढे खरे. ड्वेन घरातील कोणालाच आपला मानीत नाही, कारण त्याच्या मते ही सारी हरलेली माणसे.

मग गाडीत ऑलिव्ह गमतीने डोळे तपासण्याचा तक्ता घेऊन बसते आणि त्यातून ड्वेनला रंगांधळेपणा असल्याचे कळते. रंग न ओळखणाऱ्यास ती लढाऊ विमाने मिळत नाहीत. नऊ महिन्यांचे मौन एका किंकाळीत फुटते. तो गाडीतून उतरून उतारावरून खाली धावतो, घरच्यांना हव्या तशा शिव्या घालतो, परत येण्यास नकार देतो. आई समजूत घालू पाहते, उपयोग होत नाही. तेव्हा ऑलिव्ह एकटी उतार उतरून जाते. ती काही बोलत नाही. त्याच्या शेजारी बसते, त्याच्या खांद्यावर डोके टेकविते. थोड्या वेळाने तो उठतो, तिला उचलून उतार चढवितो आणि सर्वांची क्षमा मागतो.

परीक्षेचा निकाल लागण्याच्या दिवसांत प्रत्येक आईबापाने हे दोन मिनिटांचे दृश्य पाहावे. नापास झालेल्या मुलाला त्या घटकेस आपण काय देतो? दुसऱ्याच्या मुलाचे गुण सांगतो. आजोबांनी उपसलेल्या कष्टांचा हिशेब देतो. क्वचित, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणतो. नुसते शेजारी जाऊन बसण्याचे आपल्याला सुचत नाही.

आजोबांचा मृत्यू वाटेतच होतो, तोही त्यांच्या व्यसनाने. रुग्णालयातील बाई कागद पुढे करते. प्रेत राज्याच्या सीमेपलीकडे न्यावयाचे तर परवाना हवा, आणि स्पर्धा तर त्याच दिवशी. तेव्हा हे कुटुंब प्रेत चादरीत गुंडाळून खिडकीतून बाहेर काढते आणि बसच्या मागे ठेवून निघते. पुढे पोलीस गाडी अडवितो, पण भलत्याच वस्तूंकडे त्याचे लक्ष जाते आणि कुटुंब सुटते. या ठिकाणी आमचे हसू जरा अडखळले, हे सांगितले पाहिजे. हूवर कुटुंब गोरे आहे. त्यांच्या जागी काळे कुटुंब असते आणि गाडीत मागे प्रेत असते, तर हा प्रसंग विनोदी राहिला असता काय?

हा प्रश्न आम्ही उगाच काढलेला नाही. ज्या सौंदर्यस्पर्धेचे वेड ऑलिव्हला लागले आहे, त्या 'मिस अमेरिका' स्पर्धेचा इतिहास पाहा. १९२१ साली अटलांटिक सिटी येथे ती सुरू झाली. तिच्या नियमावलीत अनेक वर्षे, स्पर्धक ही गोऱ्या वंशाचीच असली पाहिजे, असा नियम लेखी होता. नियम गेला तरी १९७० पर्यंत एकही काळी स्पर्धक तिच्या राष्ट्रीय मंचावर आली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये व्हॅनेसा विल्यम्स ही पहिली काळी विजेती ठरली. मधल्या काळात, ७ सप्टेंबर १९६८ रोजी, स्त्रीमुक्तीवादी स्त्रियांनी अटलांटिक सिटीत या स्पर्धेविरुद्ध निदर्शने केली, आणि त्याच दिवशी त्याच नगरीत काळ्या समाजाने आपली 'मिस ब्लॅक अमेरिका' स्पर्धा भरविली. एकीने मापच नाकारले, दुसरीने मापात आपला वाटा मागितला. दोहोंचा राग समजण्यासारखा आहे; पण दोहोंत फरक आहे, आणि तो विसरता येत नाही.

आता स्पर्धेचा दिवस. रेडोंडो बीचच्या हॉटेलात सहासात वर्षांच्या मुली ओठ रंगवून, केस फुगवून, कातडीवर तपकिरी रंगाचा फवारा मारून घेत बसल्या आहेत. हे अतिशयोक्त वाटते ना? ऑलिव्हची भूमिका करणारी ॲबिगेल ब्रेस्लिन वगळता मंचावरील त्या मुली खऱ्याखुऱ्या बालसौंदर्यस्पर्धांतून आणलेल्या होत्या आणि त्यांचे पोशाखही तेच होते. मुलींना बाहुल्या करणारे तेथील आईबाप दुष्ट आहेत असे नाही. रिचर्ड आइस्क्रीमविषयी बोलला तसेच तेही प्रेमानेच बोलत असतील.

ऑलिव्हचे तेथे हसे होणार हे मामाला, भावाला, बापालाही दिसते. तत्पूर्वी ड्वेन आणि फ्रँक समुद्रावरील धक्क्यावर उभे राहून बोलतात. ड्वेन म्हणतो की आयुष्य म्हणजे एकामागून एक सौंदर्यस्पर्धाच आहे, शाळा झाली की महाविद्यालय, महाविद्यालय झाले की नोकरी. मला ते नको, मला उडावयाचे असेल तर मी माझा मार्ग शोधीन. मनात वैमानिक होण्याची इच्छा अजून आहे. वर्दी मिळाली तरच आपण कोणीतरी, ही समजूत गेली आहे. मग तो धावत जाऊन आईस विनवितो की ऑलिव्हला मंचावर पाठवू नकोस, ही माणसे तिला तोलून पाहतील. बापही तेच म्हणतो. ज्याने प्रवासभर जिंकण्याचा जप केला तोच आता मुलीला वाचवू पाहतो. आई मात्र निराळे बोलते. तिने इतके कष्ट केले आहेत, तिला ती आहे तशी राहू द्या. आणि ती मुलीलाच विचारते, तुला जावयाचे आहे का? नाही म्हणालीस तरी आम्हाला तुझा अभिमानच वाटेल. ऑलिव्ह जाण्याचे ठरविते.

जिंकलेच पाहिजे असे मुलाला सांगणे ही एक सत्ता, आणि तू हरशील म्हणून जाऊ नकोस असे सांगणे ही दुसरी. पहिली आपल्याला ओळखता येते. दुसरी मायेच्या रूपाने येते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. शेरिल दोन्ही सोडून देते.

आजोबांनी बसविलेले ते नृत्य नेमके कशाच्या धर्तीवर आहे हे येथे लिहिणे बरे दिसणार नाही. म्हाताऱ्याच्या आवडीनिवडी त्यात उतरल्या आहेत. मुलीला त्यातील काही कळत नाही, ती आनंदाने नाचते. सभागृह हादरते. इतर मुलींना मोठ्या बाया करून जे नटविले होते, त्याचाच उघडा अर्थ ऑलिव्हच्या नाचात दिसतो, म्हणून त्या प्रतिष्ठित मंडळींना तो सोसत नाही. व्यवस्थापिका रिचर्डला दरडावते, मुलीला खाली उतरव. तो मंचावर चढतो. क्षणभर उभा राहतो. आणि मुलीला उतरविण्याऐवजी तिच्याबरोबर वेडावाकडा नाचू लागतो. मग मामा येतो, भाऊ येतो, आई येते. एका मुलीची नाचक्की व्हावयाची ती पाच माणसांत वाटली गेल्यावर नाचक्की राहातच नाही. पोलीस त्यांना अटकावून ठेवतात आणि कॅलिफोर्नियात पुन्हा अशा स्पर्धेत मुलीस उतरविणार नाही या अटीवर सोडतात. अट मान्य करण्यास कोणाला जड गेले नसेल.

इतके सांगून झाल्यावर एक आक्षेप आम्हांस स्वतःशीच घ्यावा लागतो, आणि तो लहान नाही. हूवरांना हरणे परवडते. त्यांचे घर आहे, गाडी मोडकी का होईना आहे, रस्त्यावर त्यांना कोणी जात विचारीत नाही. ज्या घरातील पहिला मुलगा पदवीधर व्हावा म्हणून बापाने मोळ्या वाहिल्या, आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपे धरले, त्या घराला, हरलास तरी चालेल, हे कसे सांगावे? तेथे हरणे म्हणजे नुसती फजिती नव्हे. तेथे हरणे म्हणजे पुन्हा त्याच वेशीबाहेर जाणे. यशाची ओढ आपल्या घरांत चैन म्हणून आलेली नाही. बंद दारांवर धडका दिल्यावाचून ती उघडली नसती, आणि पुढेही उघडणार नाहीत. म्हणून रिचर्डला जितके सहज हसता येते तितके सहज आपल्या गावच्या, मुलाला पहाटे चारला उठवून अभ्यासास बसविणाऱ्या बापाला हसता येत नाही. आम्ही तर त्याच्यापुढे मान लववू.

पण त्या बापाशी बोलावयाचे ते याच आदराने बोलले पाहिजे. दारावर धडक देणे वेगळे आणि धडक देणाऱ्या मुलाचे मोल दार उघडले की नाही यावर ठरविणे वेगळे. जन्मावरून माणसाची प्रत लावणारी फूटपट्टी आपण साऱ्या घराने मिळून, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, फेकून दिली. ती वाईट होती कारण तिच्यावर आपला आकडा कमी होता, एवढेच कारण होते काय? तसे असेल तर आकडा वाढला की पट्टी चालेल. आज कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा आहेत आणि त्याच भिंतीखाली दोन भावांत एकाला हुशार व दुसऱ्याला ढ अशी कायमची जात लावून दिलेली आहे. इंजिनियर झालेला भाचा पाहुण्यांपुढे बोलाविला जातो. रिक्षा चालविणारा आतल्या खोलीत राहतो. धाकट्या मुलीला आरशात पाहताना कोणीतरी रंगावरून टोमणा मारतो, आणि तो टोमणा कोणत्या शास्त्रातून आला हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरात बारावीला दोनदा नापास झालेला मुलगा होता. तो पुढे वीजजोडणीचे काम शिकला. वस्तीतल्या कार्यक्रमाचे दिवे तोच लावतो. सत्कार मात्र दरवर्षी गुणवंतांचा होतो, आणि तो लावलेल्या दिव्यांखाली होतो. या मुलाच्या बापाला आम्ही हा बोलपट दाखविला. भाषा त्याला फारशी कळली नाही, कथा आम्ही मध्ये मध्ये सांगत होतो. आइस्क्रीमच्या प्रसंगी तो काही बोलला नाही. नाचाच्या वेळी हसला. आणि मुलगी उतार उतरून भावाजवळ बसली तेव्हा त्याने तो भाग पुन्हा लावावयास सांगितला.

आता व्यवहाराची एक सूचना. हा बोलपट लहान मुलांसमवेत पाहू नये. आजोबांची भाषा, त्यांचे व्यसन, मामाच्या जखमा, हे सारे त्यात उघडपणे आहे, आणि अमेरिकेतही तो मुलांनी मोठ्यांवाचून पाहू नये अशीच त्याची वर्गवारी होती. पंधरासोळा वर्षांपुढील मुलामुलींबरोबर आईबापांनी बसून पाहावा आणि नंतर कोणी कोणास काही समजावून सांगू नये. प्रूस्तसारखी नावे अपरिचित वाटली तरी अडत नाही. शेवटी सारे पुन्हा त्या बसला धक्का देतात, सर्वांआधी ऑलिव्हला आत घेतात, आणि मग बाकीचे धावत चढतात. आजोबांची जागा रिकामी असते. हॉर्न तसाच वाजत असतो.